कम्युनिटी फार्मवरचा पहिला अख्खा हिवाळा

पाण्यापासून सुरुवात करते, कारण हिवाळ्यात फार्मवरचं निम्मं काम पाण्याचंच असतं. सकाळच्या पाळीला पोचलं की आधी खाणं नाही, आधी पाणी बघायचं. रात्री पारा शून्याच्या खाली गेला असेल तर सगळ्या टबांवर बर्फाचा थर असतो आणि शेळ्या शेजारी उभ्या राहून आपल्याकडे बघत असतात. आमच्याकडे काळे रबरी टब आहेत, आणि ते ज्या कोणी निवडले त्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण रबर लवचिक असतं, टब पालथा करून वरून पाय दाबला की बर्फाची अख्खी चकती सुटून येते. प्लॅस्टिकची बादली आपटली तर तडकते. लोखंडी हौदातला बर्फ फोडायलाच लागतो, आणि नुसता फोडून भागत नाही, तुकडे जाळीने बाहेर काढायचे, नाहीतर तासाभरात परत एकमेकांना चिकटतात.

एवढा आटापिटा कशासाठी, तर हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं आणि सुक्या गवतात जेमतेम 10 ते 15 टक्के. म्हणजे जनावर चरायचं थांबून सुक्या गवतावर आलं की खाण्यातून मिळणारं पाणी जवळजवळ बंदच होतं, ते सगळं टबातूनच भरून निघायला हवं, आणि नेमकं तेव्हाच टबातलं पाणी इतकं गार असतं की ते दोन घोट घेऊन तोंड फिरवतं. गाढवाने पाणी कमी प्यायलं तर सुकं गवत आतड्यात घट्ट बसून पोटशूळ होतो. खच्ची केलेल्या बोकडांना मुतखड्याचा धोका असतो, त्यांची मूत्रनलिका अरुंद असते, त्यात पाणी कमी आणि वर धान्याचा खुराक जास्त झाला तर खडे तयार होऊन मध्येच अडकतात. पाठ ताणून उभं राहणं, कुंथणं, सारखी शेपटी हलवणं, ओरडणं आणि लघवी थेंब थेंब किंवा अजिबातच नाही, असं दिसलं तर 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही, त्याच क्षणी व्हेटला फोन करायचा. हे आमच्याकडे दारावरच लिहून लावलंय आणि माझ्या मते प्रत्येक फार्मवर लावायला हवं.

म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी देतो. गरम नाही, हात घातला तर गार वाटू नये इतपतच. पहिल्यांदा कोमट बादली ठेवली आणि म्हातारं गाढव, ज्याला सगळे आजोबा म्हणतात, ते अर्धी बादली एका दमात प्यायलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी ते 'पाणी नको' म्हणत नव्हतंच, त्याला 'एवढं गार नको' होतं. म्हाताऱ्या गाढवांचे दात झिजलेले असतात, गार पाणी दातांना झोंबतं, त्यामुळे त्याची बादली आता वेगळी असते. आणि पाइप! काम झालं की पाइप उंच धरून त्यातलं सगळं पाणी काढून टाकायचं आणि गुंडाळून आत ठेवायचा. हे एक मिनिटाचं काम राहिलं तर दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्याला किचनमधून बादल्या वाहाव्या लागतात.

आता थोडं फार्मबद्दल. शेळ्या, मेंढ्या, दोन गाढवं, कोंबड्या, थोडे ससे. मालक कोणी एक नाही, संस्था आहे, एक कोऑर्डिनेटर पगारी आणि बाकी आम्ही सगळे व्हॉलंटियर. उन्हाळ्यात माणसांची गर्दी असते, कोवळी करडं बघायला सगळ्यांनाच आवडतं. हिवाळा लागला की वेळापत्रकातली नावं भराभर कमी होतात आणि जनावरं मात्र तेवढीच राहतात. मी नेमकी त्याच वेळी रोजच्या पाळ्यांसाठी नाव दिलं.

अशा ठिकाणची खरी अडचण थंडी नाही. अडचण ही की सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरा, उद्या तिसरा. घरच्या गोठ्यात एकच माणूस रोज तेच जनावर बघतो त्यामुळे ते जरा जरी वेगळं वागलं तरी त्याला कळतं. इथे प्रत्येकाला एक तुकडाच दिसतो. म्हणून वही. दाराशी दोरीने बांधलेली वही आहे आणि प्रत्येक पाळीने त्यात लिहायचंच. सुरुवातीला लोक लिहितात 'सगळं ठीक'. ताई, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या व्हॉलंटियर, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, ''ठीक लिहू नकोस गं, काय बघितलंस ते लिही. कोण गव्हाणीपाशी उशिरा आलं, कोणाची लेंडी पातळ होती, कोण एकटं उभं होतं.'' मी तेव्हापासून तसंच लिहिते आणि पुढे या वहीनेच एक शेळी वाचली, ते सांगतेच.

बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली सूचना असते की गोठ्याला फटी आहेत, त्या बुजवा, जनावरांना थंडी वाजत असेल. प्रेमापोटीच म्हणतात. पण बंद गोठा हा हिवाळ्यातला सगळ्यात मोठा शत्रू आहे हे मी ठामपणे सांगेन. जनावरं श्वासातून ओलावा सोडतात, लघवीतून अमोनिया तयार होतो, हवा खेळती नसेल तर छताला पाणी सुटतं, ते पाठीवर ठिबकतं, बिछाना ओला होतो आणि मग न्यूमोनिया. आपण उभे असतो तेव्हा वास कमी जाणवतो. ताई नव्या माणसाला शेळ्यांच्या खोलीत गुडघ्यावर बसायला लावतात, म्हणजे शेळीचं नाक जिथे असतं तिथे आपलं नाक, आणि मग श्वास घे म्हणतात. डोळे चुरचुरले तर बिछाना बदलायचा किंवा वर पेंढा टाकायचा आणि वरच्या झडपा उघडायच्या. झडपा वर, छताच्या खालच्या बाजूला हव्यात, म्हणजे दमट हवा निघून जाते आणि बसलेल्या जनावराच्या अंगावर वाऱ्याचा झोत येत नाही.

बिछान्याचंही मला फार आवडलेलं तंत्र आहे. रोज सगळं खरवडून काढायचं नाही. फक्त खूप भिजलेला भाग काढायचा आणि वर कोरडा पेंढा टाकत जायचा, असा थरावर थर हिवाळाभर साठतो, खालचे थर कुजायला लागतात आणि कुजताना ऊब देतात. हात खाली खुपसला की जाणवतं, खालून चक्क कोमट. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात त्यात हवा अडकते म्हणून तो उबदारही असतो. पण वरचा थर कोरडाच हवा, याला काही पर्याय नाही. आम्ही गुडघ्याची चाचणी करतो, पेंढ्यावर गुडघा टेकून बसायचं आणि पँट ओली झाली तर पेंढा कमी आहे. सोपं आहे आणि कोणालाही जमतं.

मग जनावरांना थंडी वाजत नाही का? वाजते, पण आपल्यासारखी नाही. शेळी मेंढी गाय ही रवंथ करणारी जनावरं, यांच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघत राहते. त्यामुळे कडाक्याच्या रात्री त्यांना लागतं ते भरपूर सुकं गवत, धान्य नाही. तंतुमय चारा पचायला वेळ लागतो आणि ती ऊब खाल्ल्यावर काही तासांनी वाढते, म्हणूनच रात्रीच्या थंडीसाठी संध्याकाळचं गवत मोठं द्यायचं. साधारण हिशोब असा की वजनाच्या 2 ते अडीच टक्के चारा, म्हणजे 60 किलोच्या शेळीला सव्वा ते दीड किलोच्या आसपास सुकं गवत, आणि थंडी वाढली की त्याहून जास्त, गव्हाण रात्रभर रिकामी राहू द्यायची नाही. 'आज खूप गारठा आहे बिचारीला मूठभर धान्य जास्त देऊ' हे करायचं नाही, कारण एकदम धान्य वाढवलं तर कोटीपोटात आम्ल वाढतं आणि जनावर जिवावर बेततं इतकं आजारी पडू शकतं.

मेंढ्यांचं तर मला इतकं अप्रूप वाटतं. बर्फ पडल्यावर सकाळी बघावं तर त्यांच्या पाठीवर बर्फ तसाच, वितळलेला नाही. म्हणजे लोकर इतकी चांगली काम करतेय की आतली ऊब वरपर्यंत येतच नाही! उलट बर्फ भराभर वितळत असेल तर काळजी करायची.

खरा घात करतो तो पाऊस. कोरडी, शांत, शून्याखालची रात्र जनावरं आरामात काढतात, पण शून्याच्या थोडं वर तापमान, सोबत पाऊस आणि वारा, ही सगळ्यात वाईट रात्र. गायींबद्दलचे आकडे हे फार स्पष्ट दाखवतात, कोरडे दाट हिवाळी केस असलेल्या गायीला साधारण उणे 8 अंशांपर्यंत जास्तीची ऊर्जा खर्चावी लागत नाही, आणि तिचेच केस भिजलेले असतील तर ती 15 अंशांनाच गारठायला लागते. केसांमध्ये अडकलेली हवा हेच तिचं पांघरूण, भिजलं की ते गेलं. गाढवांचं याहून अवघड, कारण गाढव मूळचं कोरड्या प्रदेशातलं, घोड्यासारखे दाट हिवाळी केस त्याला येत नाहीत आणि पाऊस अंगात मुरतो. त्यामुळे घोडा बाहेर मजेत असतो अशा हवेतही गाढवाला छप्पर लागतंच. आमच्या आजोबांना पावसाळी थंडीत झूल घालतो. पण झूल घातली की काम संपत नाही, रोज काढायची, खाली हात फिरवायचा, घासलंय का, ओलं आहे का, बरगड्या लागतायत का बघायचं आणि मग परत घालायची.

हात फिरवणं. यावर मी कितीही लिहू शकते, कारण हिवाळ्यात डोळे फसवतात. सगळ्यांचे केस फुगलेले, सगळेच गुबगुबीत दिसतात. आमची काजळ नावाची म्हातारी शेळी अशीच गोल गरगरीत दिसायची. आम्ही दर दोन आठवड्यांनी प्रत्येकीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, बोटं दाबून बघतो, मणक्याचं टोक किती टोचतं आणि बाजूच्या हाडांखाली बोटं जातात का. 1 ते 5 असे गुण द्यायचे, 1 म्हणजे हाडं, 5 म्हणजे चरबीत हाड सापडतच नाही. शेळीच्या छातीच्या हाडावरही हात लावून बघायचा, कारण शेळ्यांची बरीचशी चरबी पोटात असते आणि पाठ एकटी पूर्ण खरं सांगत नाही. काजळचा गुण होता 2, त्याहूनही कमीच, आणि आधीच्या वेळी होता 3.

मग वही मागे चाळली. तिथे सगळं होतं, फक्त वेगवेगळ्या अक्षरांत. एकाने लिहिलं होतं काजळ गव्हाणीतून लवकर बाजूला होते. दुसऱ्याने लिहिलं होतं तिच्या कोपऱ्यात चावून टाकलेल्या गवताच्या ओल्या गुंडाळ्या सापडल्या. तिसऱ्याने, की तरुण शेळ्या तिला ढकलतात. कोणा एकाला सगळं दिसलं नव्हतं पण वहीत सगळं एकत्र होतं. व्हेटने तोंड उघडून दाढा बघितल्या, झिजलेल्या आणि एक हलणारी, त्यामुळे सुकं गवत तिला नीट चावताच येत नव्हतं. पापणीचा आतला भागही बघितला, फिका असेल तर जंतांमुळे रक्त कमी झालंय असं समजतं, तो ठीक होता. केस फाकवून उवा बघितल्या, हिवाळ्यात दाट केसांत आणि दाटीवाटीत उवा फार वाढतात, त्या थोड्या निघाल्या, त्यावर औषध दिलं. तेव्हापासून काजळला दिवसातून दोनदा वेगळ्या खोलीत भिजवलेला मऊ चारा मिळतो, एकटीला, निवांत, कोणी ढकलत नाही अशा जागी. ती हळूहळू परत भरली. हे करायला रोज वीस मिनिटं जास्त लागतात आणि त्या वीस मिनिटांसाठी वेळापत्रकात एक वेगळं नाव लागतं. मीटिंगमध्ये त्यावर कोणीही कुरकुर केली नाही, मला त्या दिवशी या माणसांबद्दल फार बरं वाटलं.

कोंबड्यांचं थोडक्यात सांगते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात कारण अंडं घालायला त्यांना रोज साधारण 14 तास तरी उजेड लागतो. दिवा लावून तो वाढवता येतो. आम्ही चर्चा करून लावायचा नाही असं ठरवलं, पिसं गळून नवी येण्याचा, शरीर भरून काढायचा हा त्यांचा काळ आहे आणि विक्रीसाठी अंडी हवीतच अशी आमची गरज नाही. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं, पिसं फुगवून ती छान ऊब धरते. त्रास होतो तो तुऱ्याला, आणि तोही नुसत्या थंडीपेक्षा खुराड्यातल्या ओलाव्याने, म्हणून तिथेही हवा खेळती आणि पाण्याचं भांडं रात्री बाहेर. बसायला गोल काठीपेक्षा रुंद चपटी फळी, म्हणजे पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. आणि तापवायचा लाल दिवा पेंढ्याच्या खोलीत लावायला माझा ठाम विरोध आहे, एक दिवा खाली पडला की अख्खं खुराडं पेटतं, अशा आगी दर हिवाळ्यात कुठे ना कुठे लागतातच.

आणि मग हिवाळ्याच्या शेवटी शेळ्या व्यायला लागतात. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, त्यामुळे तारखा आधीच माहीत असतात आणि रात्रपाळ्यांची यादी लागते. यादी करताना कोऑर्डिनेटर एक गोष्ट सगळ्यांना स्पष्ट सांगतात, जी मला आधी अजिबात माहीत नव्हती, की गरोदर बायकांनी या दिवसांत व्यायच्या शेळ्या-मेंढ्यांपासून, नवजात पिल्लांपासून आणि त्या कामात वापरलेले कपडे धुण्यापासूनही लांब राहायचं. वार आणि त्या पाण्यातून काही जंतू येतात ज्यांनी माणसाचा गर्भपात होऊ शकतो. आमच्यातल्या एकीने लगेच तिच्या पाळ्या बदलून घेतल्या, का ते विचारायचं नाही असा नियमच आहे. बाकीच्यांनीही हातमोजे आणि साबणाने हात, हे सक्तीचं.

माझ्या पाळीला एका शेळीने दोन करडं दिली. पहिलं लगेच उठलं, दुसरं पाठोपाठ आलं पण आई पहिल्यालाच चाटत राहिली आणि दुसरं ओलंच पडून होतं. मी टॉवेलने पुसायला घेतलं, आधी नाक-तोंड, मग अंग, मग कान, कारण ओले कान आणि शेपटीचं टोक सगळ्यात आधी गोठतं. ते रडत नव्हतं. तोंडात बोट घातलं तर आतून गार लागलं आणि चोखलं नाही. थर्मामीटर लावला, 36.4. करडाचं तापमान 39 च्या आसपास हवं, 37 च्या खाली म्हणजे गंभीर. ताईंना फोन केला, त्या येईपर्यंत फोनवरच सांगत होत्या आणि त्यांचा आवाज इतका शांत होता की माझे हातही शांत झाले.

इथे क्रम फार महत्त्वाचा, म्हणून नीट लिहिते. गार पडलेल्या आणि मान न धरणाऱ्या पिल्लाच्या पोटात दूध घालायचं नाही, ते गिळू शकत नाही, फुफ्फुसात जाऊ शकतं आणि पचतही नाही. आधी कोरडं, मग उबदार, मग चीक. आणि पिल्लू किती तासांचं आहे हेही बघायचं. नुकतं जन्मलेलं असेल तर त्याच्या अंगात जन्मतः असलेली खास चरबी अजून शिल्लक असते, ते सरळ उबवता येतं. जन्मून पाचेक तासांहून जास्त झाले असतील आणि पोटात काही गेलं नसेल तर ती चरबी संपलेली असते, नुसतं उबवलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन झटके येतात, तेव्हा आधी ग्लुकोज, आणि ते इंजेक्शनने व्हेट किंवा शिकलेल्या माणसाने द्यायचं. आमचं पिल्लू डोळ्यांदेखत जन्मलं होतं त्यामुळे सरळ उबवणीच्या पेटीत, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि थोड्या थोड्या वेळाने थर्मामीटर. 36.9 झालं, मग 37.5, मग त्याने मान उचलली. बोट तोंडात घातलं तर चोखलं! मी त्या क्षणी रडले आणि ताई तोवर पोचल्या होत्या, त्या म्हणाल्या ''रड गं, पण चीक काढ आधी.''

आईचा चीक काढला आणि वजनाच्या हिशोबाने, किलोमागे साधारण 50 मिली, बाटलीने दिला. चिकातून मिळणारं रोगांविरुद्धचं संरक्षण पिल्लाला जन्माच्या वेळी आईच्या पोटातून मिळालेलं नसतं, ते सगळं यातूनच येतं, आणि आतडं ते शोषून घेऊ शकतं ते पहिले काही तासच, दिवसभरात ती वाट बंद होते. म्हणून 'सकाळी बघू' चालत नाही. नाळ आयोडीनमध्ये बुडवली. मग करडू आईपाशी नेलं, तोपर्यंत दोन तास होऊन गेले होते आणि शेळीने ओळखायला नकार दिला तर काय ही भीती होती, म्हणून आधी थोडं जन्माचं पाणी राखून ठेवलं होतं ते त्याच्या अंगाला लावलं. पेटीही सगळा वेळ तिला दिसेल, वास येईल अशीच ठेवली होती. तिने हुंगलं, चाटायला लागली, करडू धडपडत कासेपाशी गेलं आणि सड तोंडात धरला. वहीत मी वेळ, तापमान, किती मिली, सगळं लिहिलं, कारण चार तासांनी येणाऱ्या माणसाला परत तापमान घ्यायचं होतं. त्याने घेतलं, 39.1.

आता थंडी ओसरलीय आणि आम्ही हिवाळाभर साठलेला बिछाना उपसतोय, खालचा थर काळा, वाफाळता, त्याचा ढीग पालापाचोळ्यासोबत खतासाठी लावलाय. पुढच्या हिवाळ्यासाठी मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मागितल्या. वहीत 'पाणी किती प्यायले' हा वेगळा रकाना, कमरेवर हात लावून गुण द्यायचं काम कायम त्याच दोघांकडे म्हणजे गुण जुळतील, आणि प्रत्येक रात्रपाळीच्या माणसाला थर्मामीटर वापरायचं आणि उबवायच्या क्रमाचं शिक्षण शेळ्या व्यायच्या आधी महिनाभर. तिन्ही मान्य झाल्या. रकाना मी कालच आखला.